तीन उत्तर दिशा

आकाशात जायचं ठरवलेलं पोरगं आधी घराबाहेर पडायचं सोडतं. आमचा भाचा गेल्या दिवाळीपासून सांगलीत, विश्रामबागेतल्या ताईच्या घरी, मागच्या खोलीत बसून वैमानिक होतो आहे. अजून त्याने विमानाला बोटसुद्धा लावलेलं नाही. लावायला आधी विमान हवं. कवलापूरच्या धावपट्टीवर विमानतळ होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, आणि अजूनही तितक्याच उत्साहाने ऐकतो.

"आधी पेपर, मग विमान," असं भाच्याचं धोरण आहे. उलटा क्रमही चालतो म्हणे. पण उड्डाणाचा प्रत्येक तास हजारोंनी पैसे खातो आणि खुर्चीतला तास फुकट असतो, हे दाजींनी पहिल्याच दिवशी हिशेब करून पाहिलं. कमर्शियल पायलटचं लायसन्स मिळवायला 200 तास उडावं लागतं. सगळं मिळून खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. हा आकडा कळल्यापासून दाजी स्कूटरमध्ये शंभराच्या वर पेट्रोल टाकत नाहीत.

पेपर घेतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, टेक्निकल, आणि वर रेडिओवर बोलण्याची वेगळी परीक्षा. पेपरात पास व्हायला 70 टक्के लागतात. 35ला पास होणाऱ्या आमच्या पिढीला हा आकडा अंमळ उद्धट वाटतो. परीक्षेला बसायचं तर आधी एक कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, आणि त्यासाठी तुम्ही खरोखरच बारावी पास आहात हे बोर्डाकडून पडताळून आणावं लागतं. बोर्डाने एकदा दिलेली मार्कलिस्ट खरी आहे, असं बोर्डानेच पुन्हा लिहून द्यायचं. दाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्याने त्यांना यात काहीही विचित्र वाटलं नाही. उलट, "खातं व्यवस्थित दिसतंय," असं ते समाधानाने म्हणाले.

क्लास दिल्लीचा आहे, द्वारका भागातला. तिथे अशा क्लासांची आळीच आहे, आणि आता ती आळी लॅपटॉपमधून देशभर पसरली आहे. दाजींच्या मातोश्रींना मात्र फक्त "द्वारकेहून शिकवतात" एवढंच ऐकू आलं. तेव्हापासून संध्याकाळी सातला क्लास सुरू झाला की त्या दारातून लॅपटॉपला नमस्कार करून जातात. पडद्यावर हवाई दलातून निवृत्त झालेले एक सर असतात. ते हिंदीत रागावतात आणि इंग्रजीत शिकवतात. समोर काळ्या चौकटींत इंफाळपासून सांगलीपर्यंतची पोरं. सगळ्यांचे कॅमेरे बंद, आवाज बंद, आणि बऱ्याच जणांचे डोळेही बंद असावेत.

रेडिओवर आवाज किती स्पष्ट येतो हे सांगायला वैमानिकांकडे एक ते पाच अशी मोजपट्टी असते. एक म्हणजे काहीच कळत नाही, पाच म्हणजे लख्ख. सरांनी ती शिकवली आणि त्या दिवसापासून पोरांनी "सर, आवाज तुटतोय" म्हणणं सोडलं. आता "सर, रीडेबिलिटी थ्री" असं म्हणतात. तक्रार तीच, फक्त तिला गणवेश चढला. भाचा हे घरातही वापरतो. स्वयंपाकघरातून ताईने मिक्सर चालू असताना हाक मारली की तो मागच्या खोलीतून "रीडेबिलिटी वन!" असं ओरडतो, आणि मिक्सर बंद झाल्यावर ताई जे बोलते ते लख्ख पाच असतं.

या अभ्यासाने घरात खरी उलथापालथ केली ती उत्तर दिशेपासून. तुमच्या-माझ्या आयुष्यात उत्तर दिशा एकच असते. वैमानिकाच्या आयुष्यात तीन असतात. एक खरी उत्तर, जी पृथ्वीच्या ध्रुवाकडे असते. दुसरी चुंबकीय उत्तर, जी चुंबकीय ध्रुवाच्या नादाने थोडी इकडेतिकडे असते. आणि तिसरी होकायंत्राची उत्तर, म्हणजे विमानातल्या लोखंडामुळे आणि विजेच्या तारांमुळे सुई बहकून जिथे जाऊन थांबते ती. पहिल्या दोन उत्तरांतला फरक आपल्या भागात नगण्य असतो, फार तर एखाद्या अंशाचा. काही देशांत मात्र तो एवढा मोठा असतो की विसरलं तर विमान भलत्याच गावाला जाईल. तिसरीचं काही सांगता येत नाही. प्रत्येक विमानाची आपापली, म्हणून होकायंत्राजवळ दुरुस्तीचं एक कार्ड लावलेलं असतं.

भाच्याने हे जेवताना सांगितलं आणि दाजींचा घास हातातच राहिला. मागच्या वर्षी त्यांनी वास्तूच्या जाणकाराला बोलावून, बरेच पैसे मोजून, देवघर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेलं होतं.

"त्यांनी होकायंत्र कुठे ठेवून बघितलं होतं, बाबा?" भाच्याने विचारलं.

"तिथेच. लोखंडी कपाटावर."

"मग ती होकायंत्राची उत्तर. सुई किती बहकली ते, म्हणजे डीव्हिएशन, काढलं होतं का त्यांनी?"

दाजींनी पुढची पोळी नको म्हटलं. देव अजून त्याच भिंतीवर आहेत, पण आता येणाऱ्या-जाणाऱ्याला देवघराची दिशा सांगताना दाजी "साधारण ईशान्य" म्हणतात.

वेगाचंही असंच आहे. आजींनी एकदा सहज विचारलं, "विमान केवढ्या वेगाने जातं रे?" नातवाने विचारलं, "कुठला वेग?" मग त्याने बोटांवर मोजून पाच वेग सांगितले. काट्यावर दिसतो तो इंडिकेटेड. काट्याची चूक काढली की कॅलिब्रेटेड. हवा दाबली जाते त्याचा हिशेब केला की इक्विव्हॅलंट. हवा विरळ होत जाते हे लक्षात घेतलं की ट्रू. आणि वारा मागून ढकलतोय की पुढून अडवतोय ते धरलं की जमिनीवरून मोजलेला ग्राउंड स्पीड. उंचीचेही असेच प्रकार आहेत. जमिनीपासूनची वेगळी, समुद्रसपाटीपासूनची वेगळी, आणि खूप वर गेल्यावर सगळ्या जगाने मिळून 1013.25 हेक्टोपास्कल हा एक ठरीव दाब धरून मोजायची आणखी वेगळी. त्या शेवटच्या उंचीच्या खाली खरा समुद्र असेलच असं नाही, पण सगळ्यांनी एकच खोटं धरलं की कुणी कुणाला धडकत नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात मला इतकं स्वच्छ वाक्य कधी सापडलं नाही.

मला यातली गंमत हळूहळू कळायला लागली. आपण बाहेरून समजतो की विमानविद्या म्हणजे सगळं दशांशापर्यंत अचूक. खरं तर तिथेही सगळं अंदाजेच असतं. फरक एवढाच की त्यांनी प्रत्येक अंदाजाला नाव दिलंय, तो किती चुकू शकतो हे लिहून ठेवलंय, आणि त्यावर परीक्षा घेतात. आमच्याकडे "आलोच पाच मिनिटांत" हे वाक्य वर्षानुवर्षं कसल्याही दुरुस्तीकार्डाशिवाय चालतंय.

याच सुमारास घरात कॉम्प्युटर आला. म्हणजे दाजींनी "नेव्हिगेशन कॉम्प्युटर" या नावाने ऑनलाइन पैसे भरले होते आणि पाकीट उघडलं तर आत एकावर एक फिरणाऱ्या दोन चकत्या. बॅटरी नाही, पडदा नाही, चार्जर नाही. दाजी पाकिटात परत परत हात घालून बघत होते. अमेरिकन नौदलातल्या फिलिप डाल्टन नावाच्या माणसाने 1930च्या दशकात हे यंत्र घडवलं. स्लाइड रूल गोल वाकवला की जे होतं ते हे. वेग, वेळ, अंतर, इंधन, वाऱ्याने विमान किती बाजूला सरकेल, सगळं यावर निघतं. पोरं अजूनही यावर घाम गाळतात. पहिला आठवडा दाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगली-कोल्हापूर स्कूटरच्या पेट्रोलचा हिशेब त्यावर काढला. आता तो कॉम्प्युटर बहुतेक वेळ त्यांच्याच खिशात असतो, आणि अभ्यासाला हवा असला की भाच्याला मागून घ्यावा लागतो.

घड्याळाने मात्र घात केला. जगभरची विमानं एकाच वेळेवर चालतात, आणि ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सवय व्हावी म्हणून भाच्याने आपल्या खोलीतलं घड्याळ त्या वेळेवर लावलं. ताईकडे नळाला पाणी येतं पहाटे साडेसहाला. एकदा ताईला जाग आली, तिने उघड्या दारातून घड्याळात पाहिलं, एक वाजला होता. ती निश्चिंत झोपली. त्या दिवशी घरात जे काही झालं त्यात भाच्याची चूक नव्हती, तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होता, आणि हे त्याने बोलून दाखवलं हीच त्याची चूक. आता त्या घड्याळाखाली ताईच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "हे घड्याळ खरं नाही."

रेग्युलेशन्सच्या पेपरने रस्त्यावर हात घातला. आकाशात कुणी कुणाला वाट द्यायची याचे नियम आहेत आणि ते फार सभ्य आहेत. ज्याला हलणं अवघड, त्याचा मान मोठा. इंजिनाच्या विमानाने हवाई जहाजाला वाट द्यायची, हवाई जहाजाने ग्लायडरला, आणि ग्लायडरने बलूनला. आजींना हा नियम इतका पटला की त्या आता मॉर्निंग वॉकला रस्ता ओलांडताना कुणासाठीच थांबत नाहीत. "मी बलून," असं म्हणून चालू लागतात. पण दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, असाही नियम आहे. भाचा तेव्हा दिवसभर हाच धडा घोकत होता. संध्याकाळी गल्लीत त्याच्या स्कूटरसमोर दूधवाला आला. भाचा नियमाप्रमाणे उजवीकडे वळला. दूधवाल्याने आंतरराष्ट्रीय नियम वाचलेले नव्हते, तो सांगलीच्या नियमाप्रमाणे डावीकडे वळला. दोघांनाही फारसं लागलं नाही. दुधाचं सांगत नाही. रेग्युलेशन्सचा पेपर होईपर्यंत भाच्याला स्कूटरबंदी झाली.

हवामानाच्या अभ्यासाला अख्खं घर होतं, कारण हवामान हा विषय आपल्याला येतो असं प्रत्येकालाच वाटतं. 1857 साली बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने एक नियम मांडला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असेल. जुलैत एका दुपारी भाच्याने आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. नैऋत्येचा वारा भन्नाट सुटलेला. आजींनी पदर खोचून वाऱ्याकडे पाठ केली आणि डावा हात लांब केला. हात वायव्येकडे गेला.

"तिकडे काय आहे?" आजी.

"राजस्थान, आणि त्याच्या पलीकडे पाकिस्तान," भाचा म्हणाला. "उन्हाळ्यात तिकडची जमीन तापते, कमी दाब तयार होतो, आणि तो मान्सूनला ओढून घेतो."

"वाटलंच मला," दाजी म्हणाले. सगळ्याच्या मागे तेच असतात, हे विज्ञानानेही मान्य केलं म्हणून ते खूश झाले. पण म्हणजे आपल्याला पाऊस मिळतो त्यात त्या तापलेल्या वाळवंटाचाही हात आहे, हे भाच्याने समजावल्यावर त्यांनी विषय बदलला आणि गच्चीची गळती दाखवायला सुरुवात केली.

शरीराचा म्हणूनही एक धडा असतो. उंचावर ऑक्सिजन कमी पडला की काय होतं? माणूस घाबरत नाही. उलट त्याला फार बरं वाटायला लागतं, आपण झकास विचार करतोय अशी खात्री होते, आणि नेमकं तेव्हाच त्याला साधी बेरीज जमत नसते. 35,000 फुटांवर शुद्ध कामाची असण्याचा काळ अर्धा ते एक मिनिट. म्हणून आधी स्वतःचा मास्क लावायचा, मग शेजाऱ्याचा. हे वाचल्यापासून मला आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेकडे सहानुभूतीने पाहता येतं. ती पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरते.

पण ताईच्या संसारावर परिणाम झाला तो रेडिओच्या अभ्यासाचा. भाचा आरशासमोर उभा राहून काल्पनिक मुंबई टॉवरशी बोलतो, मग आवाज बदलून टॉवर होऊन स्वतःलाच उत्तर देतो. नाइनला 'नाइनर' म्हणतो, थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ', म्हणजे खरखरीतही आकडे चुकू नयेत. आणि टॉवरने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात.

हा सोपस्कार वाटतो, पण त्याला इतिहास आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. एका विमानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती आणि त्याच्या कप्तानाला ती मिळाली असं वाटलं. रेडिओवर टॉवर आणि दुसरं विमान एकदम बोलले, निम्मं बोलणं शिट्टीसारख्या आवाजात बुडालं आणि जे पोहोचलं त्यात एक मोघम 'ओके' होता. त्यानंतर जगाने बोलण्याचे नियम आवळले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. सरांनी हे सांगितलं त्या संध्याकाळी पडद्यावरच्या सगळ्या चौकटी गप्प होत्या, आणि त्या वेळी नेटवर्क गेलेलं नव्हतं.

तर याच रेडिओच्या भाषेतले दोन शब्द, 'रॉजर' आणि 'विल्को'. सिनेमात पाहून आपल्याला वाटतं रॉजर म्हणजे हो. तसं नाही. रॉजर म्हणजे तुमचं सगळं बोलणं मला ऐकू आलं, बस. मी ते करीन असं त्यात कुठेच नाही. करणार असेन तर विल्को म्हणायचं. भाचा हे चहा पिता पिता सांगत होता. ताई एकदम थांबली. मग दाजींकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं जे 'हं' म्हणता, ते रॉजर होतं?"

दाजी "हं" म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून घरात रीडबॅक सक्तीचा झाला. "येताना अर्धा लिटर गाईचं दूध आणि कोथिंबीर, कढीपत्ता नको." दाजी दारात उभे राहून म्हणतात, "अर्धा लिटर, गाईचं, कोथिंबीर, कढीपत्ता निगेटिव्ह." ताई म्हणते, "करेक्ट," आणि मगच दार उघडतं. भांडणं निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यांत आता कोण काय नेमकं म्हणालं यावर वाद होत नाही, त्यामुळे ती लवकर दाजींच्या विरुद्ध निकाली निघतात.

सराव प्रश्नांच्या ढिगाबद्दल फार बोलत नाही. हजारो असतात. चार पर्याय, चारही इतके एकमेकांसारखे की चौघांनी एकाच शिंप्याकडे कपडे शिवलेत असं वाटतं. आजींना इंग्रजी वाचता येतं तितपत येतं. त्या नातवाशेजारी बसून जो पर्याय सर्वांत लांब असेल तो निवडतात. "एवढं लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार," असं त्यांचं म्हणणं. रेग्युलेशन्सच्या एका सराव परीक्षेत त्यांना नातवापेक्षा जास्त गुण मिळाले, तेव्हा भाच्याने लॅपटॉप मिटला आणि तो बराच वेळ गच्चीवर जाऊन वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

नेव्हिगेशनच्या पेपरला तो मुंबईला निघाला तेव्हा सोबत मला धाडलं. सकाळची कोयना एक्सप्रेस, खिडकीची जागा. गाडीने सांगली सोडली तशी भाच्याने वही काढली, वडिलांकडून परत मिळवलेल्या चकत्या काढल्या आणि 'डेड रेकनिंग' सुरू केलं. म्हणजे बाहेर न बघता, वेग, वेळ आणि दिशा यांवरून आपण कुठे असू ते ठरवायचं. कोयना एक्सप्रेस हे या विद्येला दिलेलं उघड आव्हान आहे. ती कुठे थांबेल याचं वेळापत्रक असतं, कुठे थांबणार नाही याचं नसतं. साताऱ्यापर्यंत त्याने वहीची तीन पानं भरली. एका माळावर गाडी उगाचच उभी राहिली तेव्हा त्याने वाऱ्याचा वेग शून्य धरला आणि चडफडत नवा हिशेब मांडला.

पुण्याला समोरच्या बाकावर एक आजीबाई चढल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. घाट उतरत असताना भाचा पेन्सिल चावत म्हणाला, "मामा, माझ्या हिशेबाने कर्जतला अजून अकरा मिनिटं आहेत." तेवढ्यात आजीबाईंनी डोळे न उघडता नाक वर केलं, पर्समधून सुटे पैसे काढून मुठीत धरले आणि त्या म्हणाल्या, "आलं कर्जत. वडे गरम आहेत."

खिडकीबाहेर फलाट सरकायला लागला. भाच्याने वहीत वेळ लिहिली, शेजारी 'व्हिज्युअल फिक्स', म्हणजे डोळ्यांनी पाहून पक्की केलेली जागा, असं लिहिलं, क्षणभर विचार करून 'व्हिज्युअल' खोडलं, आणि मला म्हणाला, "मामा, चार सांग. चटणी वेगळी."

मी म्हणालो, "चार, चटणी वेगळी."

"करेक्ट," तो म्हणाला.